पहिला हात माझा

पहिला हात मी टाकला. हे आधीच सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं कुणी त्या प्रसंगाबद्दल विचारलं की मी 'जरा बाचाबाची झाली' असं म्हणत आलो. बाचाबाची झालीच नव्हती. त्याला दोन्हीकडून बोलावं लागतं. समोरचा माणूस सत्तरीचा होता. त्याच्या हातात छिन्नी होती, तोंड भिंतीकडं होतं आणि पाठ माझ्याकडं. मी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि कानाखाली वाजवली. तो पडला. मग बाकीच्यांनी मारलं. मी मारलं नसतं तर त्यांनी मारलं नसतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी सांगलीत एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. गाव माझं रहिमतपूरच्या बाजूचं. आमच्या घरात हात आधी बोलायचा, तोंड मागाहून. वडील रागीट होते असंही नाही. दार लावावं तसं ते मारायचे, सवयीनं. मी ती सवय नोकरीत घेऊन आलो. पट्टी, डस्टर, हात, जे सापडेल ते. पुढं कायदे आले आणि वर्गात ते बंद झालं. वर्गाबाहेर बंद झालं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी नदीकाठच्या जुन्या पेठेतल्या एका गल्लीत खोली घेऊन राहायचो. शहराच्या पोटातली ती जागा, बाजारपेठ तिथून हाकेवर, पण तिला कुणी वाली नव्हता. उघडी गटारं, डुकरं, पडक्या गोदामात चालणारा दारूचा गुत्ता. संध्याकाळी तिथं रोज काहीतरी फुटायचं, बाटली तरी नाहीतर डोकं तरी. एकदा पानपट्टीसमोर दोन सख्ख्या भावांनी एकमेकांवर वस्तरे चालवलेले मी पाहिले. धाकटा पोट धरून माझ्या दारात येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, जरा पाणी द्या की." मी दार लावून घेतलं. तो वाचला, पण मला ते दार आठवतं. एकदा मलाही मारलं होतं. दोघा पिणाऱ्यांनी काही कारण नसताना मला धरून गटारात लोळवलं आणि हसत निघून गेले. मी पुढं विश्रामबागेकडं राहायला गेलो, संसार केला, पण त्या गल्लीचा राग माझ्या अंगातून गेला नाही. तिला सुधारायची, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे तिला वठणीवर आणायची होती.

म्हणून जुन्या पेठांचं रूप पालटायची योजना आली तेव्हा मी आपण होऊन पुढं झालो. महापालिकेचा एक तरुण अभियंता होता, कामाचा माणूस. गटारं बंदिस्त करायची, रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे, दिवे लावायचे आणि भिंतींवर चित्रं काढायची. चित्रं माझ्याकडं. गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष बरोबर आला. व्यायामानं फुगवलेली छाती, तीन मजली घर, खाली स्वतःचं गोदाम. त्याची पोरं आली की कामाला वेग यायचा, कारण त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. गुत्ता आम्ही एका दुपारी मोडला. आम्ही म्हणजे त्यांनी. मी बाजूला उभा राहून बघितलं. गुत्तेवाल्याला त्याच्याच कॅनमधली दारू डोक्यावर ओतून पेठेच्या टोकापर्यंत चालवत नेलं. बायका दारात येऊन टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. मारानं गल्ली सुधारते, हे मला त्या दुपारी पटलं होतं.

राहिली कोपऱ्यावरची भिंत.

काळ्या दगडाची जुनी भिंत. गल्लीतली सगळ्यात सखल जागा तीच. तिच्यावर एकावर एक अशा चार आडव्या रेघा छिन्नीनं कोरलेल्या होत्या. पहिली घोट्याएवढ्या उंचीवर, चौथी छातीला लागेल अशी. त्या कोरल्या होत्या एका हमालानं. मूळचा जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तरुणपणी हळदीच्या पेठेत पोती उचलायला आला आणि इथलाच झाला. पहिला महापूर बघितला त्या वर्षी त्यानं हे केलं. नदी चढली की पाणी आधी त्या कोपऱ्यावर साठायचं. पहिल्या रेघेला पाणी लागलं की अंथरुणाला खिळलेली माणसं आणि दिवस भरलेल्या बायका हलवायच्या. दुसरीला जनावरं. तिसरीला धान्य. चौथीला कुलूप घालून निघायचं, मागं बघायचं नाही. सगळी गल्ली हे पाळायची. पिणारेसुद्धा पाळायचे. मी तिथं राहत होतो तेव्हा याच हमालानं माझी ट्रंक डोक्यावर घेऊन मला बाहेर काढलं होतं. तेव्हा मी विचारलं होतं, "मामा, दुसरी रेघ लागली तरी म्हशी अजून आत का?"

"म्हशीला पवाय येतंय मास्तर," तो म्हणाला होता. "तुमास्नी येतं व्हय?"

म्हणजे मला माहीत होतं. 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं जे अभियंता नंतर म्हणाला, ते त्याच्यापुरतं खरं होतं.

आणि हमालाची बायको. अर्धांगवायू होऊन तिची डावी बाजू गेली होती. तिला खाटेसकट उचलायला चार माणसं लागायची. पहिली रेघ भिजली की शेजारचे चौघं न बोलावता येऊन खाट उचलायचे. त्याला दारोदार फिरावं लागायचं नाही. गल्लीच्या दृष्टीनं ती रेघ तिचीच होती.

भिंतीला मी मोठं चित्र ठरवलं होतं. नदी, घाट, वर उडणारे बगळे. दगडावर रंग धरत नाही, म्हणून आधी प्लास्टर. हमाल विचारायला आला, "मास्तर, रेघा?"

मी म्हणालो, "मामा, आता मोबाईलवर येतंय की. पुलापाशी किती फूट झालं ते तासाला कळतं."

"पुलाचं पुलापाशी. आमच्या कोपऱ्याचं कोण सांगनार?"

अध्यक्ष हसला. "म्हाताऱ्याला रेघेवर बायकू ठेवायची सवय हाय." पोरं खिदळली. मीही हसलो असेन. दुपारपर्यंत भिंत गुळगुळीत झाली.

दुसऱ्या दिवशी मी रंगाचे डबे घेऊन पोचलो तर हा खाली बसून ओल्या प्लास्टरवर छिन्नी चालवत होता. पहिली रेघ अर्धी झाली होती. पाहणीला वरची माणसं यायला चार दिवस होते. माझ्या डोळ्यांपुढं ते प्लास्टर, माझी मेहनत, आणि खरं सांगायचं तर ते जुनं गटार होतं. मी त्याला वळवलं. पुढचं सांगितलंच आहे.

तो पडल्यावर अध्यक्षाच्या पोरांनी त्याला लाथांनी तुडवलं. एकानं छिन्नी हिसकावून दगडावर आपटली. म्हाताऱ्याच्या तोंडातून रक्त आलं आणि रक्ताबरोबर दात आला. त्यानं तो हातात घेऊन बघितला. घरातून खाटेवरच्या बाईचा आवाज येत होता. शब्द होत नव्हते तिचे, नुसतं 'आं, आं'. मी "पुरे, पुरे" म्हणालो ते बऱ्याच वेळानं.

यापुढचं मारण्यापेक्षा वाईट आहे. प्रकरण अंगावर येऊ नये म्हणून अध्यक्ष म्हणाला, "सर, आदी आपुनच तक्रार देऊ." मी पोलीस चौकीत बसून सुंदर अक्षरात लिहून दिलं की, सदर इसम छिन्नी घेऊन माझ्या अंगावर धावून आला, स्वसंरक्षणार्थ झटापट झाली. रक्ताळलेल्या शर्टानं त्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. हवालदारानं त्याला विचारलं, "काय रं, मास्तरवर हात उचलतो?" तो माझ्याकडं बघत राहिला. संध्याकाळी समज देऊन सोडलं.

चित्र छान झालं. गल्लीचं कौतुक झालं, लोक लेकराबाळांना घेऊन बगळ्यांपुढं फोटो काढायला येऊ लागले. खोटं कशाला सांगू, गल्ली खरोखर बदलली होती. उजेड होता, वास गेला होता, बायका रात्री अंगणात बसत होत्या. म्हणूनच मला झोप यायची.

दोन पावसाळ्यांनी नदी चढली. आठवडाभर घाटमाथ्यावर पाऊस, कोयनेतून विसर्ग, सगळं नेहमीचं. मोबाईलवर तासातासाला फूट येत होते आणि आकडा अजून धोक्याच्या खाली होता. कोपरा कोरडा दिसत होता. तो कोरडा दिसत होता कारण रस्ता पेव्हर ब्लॉकनं वीतभर वर आला होता आणि पाणी आमच्या नव्या बंदिस्त गटारातून, लादीखालून, आवाज न करता गल्लीच्या मागच्या बाजूला शिरत होतं. हमालाच्या दारातली पायरी, जिच्यावरून तो निदान काही अंदाज बांधू शकला असता, ती ब्लॉकखाली गेली होती. सकाळी नवाच्या सुमाराला मागच्या घरांत गटाराची झाकणं उडून पाणी आलं आणि पुढच्या बाजूनं नदी आली. दोन्हीकडून एकदम. पहिली, दुसरी, तिसरी असं काही उरलंच नाही.

मला अध्यक्षाचा फोन आला, बोट घेऊन या म्हणून. शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथं एक रबरी बोट होती. ती घेऊन मी आणि शाळेतले दोघं शिपाई पेठेत शिरलो. बाजारपेठेतून गल्लीत वळलो तेव्हा पाणी माणसाच्या छातीला होतं आणि ओढ इतकी की वल्हं भिंतीला लावून थांबावं लागत होतं. पत्रे, सिलिंडर, मेलेलं डुक्कर, सगळं अंगावर येत होतं. गल्लीच्या मध्यावर हमाल उभा होता. त्याच्याबरोबर शेजारचे दोघंच होते. तिघांनी मिळून खाट खांद्याच्या वर उचलून धरली होती, चौथा कोपरा लोंबत होता. खाटेवर ती, दोरीनं बांधलेली, घसरू नये म्हणून. गोधडी भिजून जड झालेली.

"मास्तर!" तो ओरडला. "हिकडं! आदी हिला घ्या!"

बोट त्याच्याकडं वळवतोय तोवर अध्यक्षानं आपल्या जिन्यावरून दोर टाकून बोट ओढली. गोदामात त्याचा माल होता, वर त्याचे घरचे होते.

"सर, आदी माझं. म्हातारं उभं हाय, बुडत न्हाई."

"सोड दोर!"

"बोट मी मागवलीय. आईला घेतल्याबिगर बोट हलत न्हाई."

त्याची आई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत कोरडी उभी होती. मी दोर कापायला हवा होता, माझ्याकडं सुरी होती. किंवा त्याच्या आईला पटकन घ्यायला हवं होतं. तेही चाललं असतं. मी वल्हं उचलून त्याच्या बोटांवर मारलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. त्यानं शिवी देऊन माझी कॉलर धरली, मला जिन्यावर ओढलं. मी त्याच्या तोंडावर मारलं, पुन्हा मारलं. आणि मला बरं वाटत होतं. चौकीत खोटं लिहायला लावणारा हाच, दात पाडणारा हाच, असं मनात येत होतं आणि मी मारत होतो, जसं काही त्या मारानं माझा हिशेब मिटणार होता. बोटीतला एक शिपाई ओरडत होता, "सर, खाट! सर, खाट बघा!"

मी बघितलं तेव्हा एक पत्रा वाहत येऊन शेजाऱ्याच्या कमरेला लागला होता आणि तो कलंडला होता. खाट एका बाजूनं खाली गेली. ती दोरीनं बांधलेली होती, म्हणून तीही गेली. हमालानं पाण्यात डोकं घातलं. आम्ही पोचेपर्यंत तो दातांनी दोरी सोडत होता. जेवढे दात आम्ही ठेवले होते तेवढ्यांनी. तिला वर काढलं तेव्हा ती जिवंत होती. तिच्या नाकातून गढूळ पाणी येत होतं आणि चांगला हात माझ्या शर्टात अडकला होता. मी तो सोडवला नाही.

चौथ्या दिवशी ती गेली. छातीत पाणी झालं होतं म्हणाले. शाळेतल्या ज्या खोलीत मी चित्रकला शिकवतो त्याच खोलीत, फळ्याखाली. दवाखान्याची गाडी उशिरा आली, रस्ते बंद होते, वगैरे. ही सगळी कारणं खरी आहेत. मी लोकांना तीच सांगायचो.

पाणी उतरल्यावर हमाल गल्लीत परतला नाही. दहाव्याला नदीवर जायचं म्हणून मी निघालो आणि पुलापासून मागं फिरलो. अध्यक्षाची दोन बोटं वाकडीच राहिली. तो माझ्याशी अजून बोलत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही.

मग परवाच्या उन्हाळ्यात अभियंत्याचा फोन आला. भिंतीचा रंग पुरानं गेलाय, पोपडे धरलेत, पुन्हा तेच चित्र काढून द्या. पेठेसाठी नवा निधी आला होता. मी ब्रश घेऊन गेलोही. प्लास्टर जागोजागी फुगलं होतं. मी बगळ्यांपुढं तासभर बसलो आणि एक रेघ ओढू शकलो नाही. शेजारच्या बाईला विचारलं, "मामा कुठं असतात?"

तिनं मला खालीवर बघितलं. "आता कशाला? राह्यलेलं दात पाडायला?" मग म्हणाली, "मलकापुरात हायत. लेकीची पिठाची गिरण हाय."

मी एस.टी.नं गेलो. गिरणी सापडायला वेळ लागला नाही, कारण मलकापुरात उतरून विचारलं की लोक हात करून दाखवत होते. पत्र्याचं शेड, पुढं डब्यांची रांग, चारपाच बायका, एक निवृत्त फौजी असावा असा माणूस. आत पट्टा फिरत होता, सगळं पांढरं. लेक डबे ओतत होती. म्हातारा कोपऱ्यात पोत्यावर बसून पिशव्यांची तोंडं बांधत होता. भुवयांवर पीठ.

लेकीनं मला ओळखलं. मी तिला शाळेतल्या त्या खोलीत एकदाच बघितलं होतं, पण तिनं ओळखलं.

"काय दळायचंय?" ती म्हणाली.

"मामांना भेटायचंय."

"डबा आसंल तर रांगंत लावा. न्हाईतर वाट सोडा, गिऱ्हाईक खोळंबतंय."

मी वाट सोडली आणि आत जाऊन म्हाताऱ्याच्या शेजारी उकिडवा बसलो. घरून निघताना मी सगळं पाठ करून आलो होतो. हळू आवाजात, त्याच्या कानाशी, मी ते म्हणून टाकलं, सगळं, एका दमात. तो पिशवी बांधत राहिला. मला वाटलं, हे त्याचं उत्तर आहे. मनातल्या मनात मी सुटलोसुद्धा. मग त्यानं मान वळवली, मला बघितलं, आणि दचकला.

"मास्तर? कवा आलासा?"

मी बोलायला लागलो तर त्यानं हात केला. "त्या अंगानं न्हाई. त्यो कान गेला की. तवापास्नं. हिकडनं बोला."

कानाखाली वाजवली होती तोच कान. मला हे माहीत नव्हतं. दोन पावसाळे एकाच शहरात काढून मला माहीत नव्हतं. मी उठून दुसऱ्या बाजूला बसलो. गिरणीचा आवाज एवढा की तो पुन्हा "आं?" म्हणाला. मी आवाज चढवला. "आं?" मी आणखी चढवला, ओरडायलाच लागलो, आणि लेकीनं मागचं बटण बंद केलं. पट्टा मंदावत थांबला. शेडमध्ये माझाच आवाज उरला. बायका बघत होत्या. फौजी डबा खाली ठेवून कमरेवर हात ठेवून उभा होता. लेक म्हणाली, "थांबलासा का? बोला की. समद्यांस्नी ऐकू द्या."

पाठ केलेलं सगळं गेलं होतं. मी घरच्या बोलीत आलो, शाळेत जी कधी बोलत नाही तिच्यात.

"मामा, मी तुमास्नी पाठीमागनं धरून मारलं. तुमी माझ्या अंगावर आला न्हवता. आला म्हणून चौकीत मी लिवून दिलं, ते खोटं हाय, ते मी उद्या जाऊन तसं सांगतो. रेघा कशाच्या हायत ते मला ठावं हुतं. ठावं आसून मी लिंपल्या. आणि बोट घिऊन आलो तवा तुमी हाक मारत हुता आणि मी मारामारी करत बसलो. मामीला आदी घ्याला पायजे हुतं. मी न्हाई घेतलं. मला माफ करा, एवढं म्हणाया आलोय. तुमी कराच, असं माझं म्हणणं न्हाई."